अपडेट झाले, पण घुसलेला अ‍ॅडमिन गेला का? हक्कवाढीच्या त्रुटीनंतर फोरम सोडवण्याचा क्रम

फोरमच्या सॉफ्टवेअरमध्ये हक्कवाढीची त्रुटी जाहीर झाली की बहुतेक चालक एकच काम करतात. डॅशबोर्ड उघडायचा, 'अपडेट' दाबायचे, नवी आवृत्ती चढली की निर्धास्त व्हायचे. काम इथे अर्धेच होते, आणि तेही बऱ्याचदा चुकीच्या क्रमाने.

अपडेटने त्रुटी जाते. त्या त्रुटीतून कोणी मिळवलेले हक्क मात्र जात नाहीत. साध्या सदस्याने मधल्या काळात स्वतःला अ‍ॅडमिन करून घेतले असेल तर ती नोंद डेटाबेसात बसलेली असते, आणि अपडेट सदस्यांच्या हक्कांना हात लावत नाही. नव्या आवृत्तीच्या लेखी तो रीतसर अ‍ॅडमिनच.

द्रुपल या वेबसाइट चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या सुरक्षा पथकाने हे २०१४ मध्येच स्पष्ट सांगितले होते. १५ ऑक्टोबरला ७.३२ ही दुरुस्त आवृत्ती आली. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, पथकाने जाहीर केले की घोषणेपासून सात तासांच्या आत दुरुस्ती न झालेली द्रुपल ७ ची प्रत्येक साइट फुटली आहे असे धरून चाला, कारण नुसते अपडेट केल्याने मागे ठेवलेले चोरदरवाजे निघत नाहीत.

खालचा क्रम बीबीप्रेस हे उदाहरण धरून लिहिला आहे. वर्डप्रेसवर फोरम चालवणारे बरेच जण हेच प्लगइन वापरतात. त्याच्या २.६.५ च्या आधीच्या आवृत्त्यांत सीव्हीई-२०२०-१३६९३ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींच्या सार्वत्रिक यादीतला क्रमांक) ही त्रुटी होती. साइटवर नव्या सदस्यांची नोंदणी खुली असेल तर लॉगइनही न केलेला माणूस नोंदणी करतानाच वरची फोरम-भूमिका पटकावू शकत होता. मे २०२० मध्ये ती दुरुस्त झाली. पीएचपीबीबी किंवा डिस्कोर्स ही दुसरी फोरम-सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना पडदे वेगळे दिसतील, क्रम मात्र हाच.

सुरू करण्याआधी: त्रुटी कोणत्या जातीची आहे?

सॉफ्टवेअरवाल्यांनी त्रुटीबद्दल काढलेले सूचनापत्र पूर्ण वाचा. नुसते 'गंभीर' हा शब्द वाचून धावू नका. तीन गोष्टी शोधा: कोणत्या आवृत्त्यांवर परिणाम आहे, हल्लेखोराला आधी लॉगइन लागते का, आणि कोणती सेटिंग चालू असेल तरच ती लागू होते. बीबीप्रेसच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नोंदणी खुली असेल तर' असे होते. त्या काळात तुमची नोंदणी कायम बंदच असेल तर तुमचे काम पुष्कळ हलके होते.

मग जात ठरवा, कारण पुढे काय शोधायचे ते त्यावरून ठरते.

पहिल्या जातीत सदस्याचा हक्क वाढतो. बीबीप्रेसची त्रुटी यातली. व्हीबुलेटिन या फोरम-सॉफ्टवेअरचे २०१३ चे प्रकरणही याच घरातले: स्थापनेनंतर सर्व्हरवर तसाच राहिलेला 'इन्स्टॉल' फोल्डर वापरून लोक स्वतःचे नवे अ‍ॅडमिन खाते तयार करत होते. अशा वेळी डेटाबेसात माग राहतो. जिथे नको तिथे एक नाव दिसते.

दुसऱ्या जातीत कोणाचाही हक्क वाढत नाही, खऱ्या अ‍ॅडमिनची ओळखच चोरली जाते. पीएचपीबीबी २.०.१२ मध्ये स्वयंचलित लॉगइनच्या कुकीतले मूल्य सैलपणे ताडले जात होते. कोडमध्ये दोन बरोबर-चिन्हांच्या (सैल तुलना) जागी तीन (काटेकोर तुलना) आली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये २.०.१३ निघाली. त्या काळात घुसलेल्याने सदस्यांच्या यादीत काहीच बदललेले नसे, तो सरळ अ‍ॅडमिन म्हणूनच आत असे.

जुलै २०१३ मधला उबुंटू फोरम्सवरचा हल्लाही याच वळणाचा. हल्लेखोराच्या हाती एका मॉडरेटरचे खाते आले. त्या खात्याला घोषणा टाकण्याची परवानगी होती आणि घोषणांत कच्चे एचटीएमएल चालत होते. त्याने घोषणेत स्क्रिप्ट पेरली आणि 'घोषणेच्या पानावर एरर येतोय, बघता का' असा खासगी संदेश तीन अ‍ॅडमिनना पाठवला. एकाने पान उघडले. अर्ध्या मिनिटाच्या आसपास हल्लेखोर त्या अ‍ॅडमिनच्या नावाने आत होता. पुढे सुमारे १८ लाख २० हजार सदस्यांची नावे, ईमेल आणि पासवर्डचे हॅश (पासवर्डची साठवलेली सांकेतिक रूपे) गेले.

इशारा: दुसऱ्या जातीच्या त्रुटीत 'अ‍ॅडमिनची यादी पाहिली, ओळखीचेच लोक आहेत' या तपासाला काडीचा अर्थ नाही. तिथे नावे पाहून भागत नाही, त्या नावांनी काय केले गेले ते पाहावे लागते.

टप्पा १: प्रवेश रोखा, पण काहीही पुसू नका

पहिले काम नवी नोंदणी बंद करण्याचे. वर्डप्रेसमध्ये 'सेटिंग्ज'च्या 'जनरल' पानावर 'एनीवन कॅन रजिस्टर'समोरची खूण काढा. त्याच पानावर नव्या सदस्याची डिफॉल्ट भूमिका कोणती आहे तेही बघून ठेवा. तिथे 'सबस्क्रायबर' सोडून दुसरे काही असेल आणि ते तुम्ही केलेले नसेल, तर पडद्याचा फोटो काढा. पहिला पुरावा हाती आला.

दुसरे काम साइट बंद करण्याचे, आणि सर्वाधिक चुका इथेच होतात. लोक 'मेंटेनन्स मोड'चे प्लगइन चालू करतात. पण मेंटेनन्स मोड सहसा अ‍ॅडमिनला आत सोडतो. पीएचपीबीबीत 'बोर्ड बंद करा' केले तरी अ‍ॅडमिन आणि मॉडरेटर आत जाऊ शकतात. घुसलेला माणूस अ‍ॅडमिनच असेल तर तुम्ही फक्त निरपराध सदस्यांना बाहेर काढलेत आणि त्याला मोकळे रान दिलेत.

म्हणून बंदी सॉफ्टवेअरच्या खालच्या थरावर घाला. होस्टिंगच्या पॅनेलमधून पूर्ण साइटच्या फोल्डरला पासवर्ड लावा, किंवा सर्व्हरच्या सेटिंगमध्ये फक्त तुमच्या आयपी पत्त्याला परवानगी द्या. घरचा आयपी बदलता असेल किंवा तुम्ही मोबाइल डेटावर असाल तर पासवर्डचाच मार्ग धरा. मोबाइल कंपन्या एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटतात.

केवळ लॉगइनचे पान आणि अ‍ॅडमिनचा फोल्डर झाकून भागत नाही. वर्डप्रेसमध्ये रेस्ट एपीआय आणि एक्सएमएल-आरपीसी या बाहेरच्या अ‍ॅपसाठी ठेवलेल्या वाटांनीही हक्काची कामे करता येतात आणि त्या अ‍ॅडमिनच्या फोल्डरमधून जात नाहीत. काही तासांसाठी अख्खी साइट झाका. सदस्यांना 'तांत्रिक काम चालू आहे' एवढी ओळ पुरते.

तपासणी: दुसऱ्या फोनवरून, वायफाय बंद करून, साइट उघडा. पासवर्डची चौकट आली पाहिजे किंवा प्रवेश नाकारला गेला पाहिजे. फोरमचे मुखपृष्ठ दिसले तर बंदी बसलेली नाही. कॅश किंवा सीडीएन (पानांच्या प्रती साठवून ठेवणारी सेवा) वापरत असाल तर तीही रिकामी करून पुन्हा पाहा.

टप्पा २: नक्कल घ्या, आहे त्या स्थितीची

अपडेटच्या आधी डेटाबेस, सगळ्या फाइली आणि सर्व्हरचे लॉग (कोणी कधी काय मागितले याच्या नोंदी) या तिघांची नक्कल हवी. ही पुन्हा साइट उभी करण्यासाठीची प्रत नाही, तपासासाठीची आहे. तिच्या नावातच 'दूषित असू शकते' असे लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणीतरी तिलाच शुद्ध बॅकअप समजून चढवील.

लॉगची घाई सर्वांत जास्त. डेबियन आणि उबुंटू या प्रणालींवर अपाचे व एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे लॉग मूळ सेटिंगनुसार रोज बदलतात आणि १४ ठेवले जातात. त्रुटी जाहीर होऊन तीन आठवडे झाले असतील तर सुरुवातीचे दिवस गेलेलेच असतात. शेअर्ड होस्टिंगवर मुदत याहूनही कमी असू शकते. तेव्हा होस्टिंगवाल्यांना ताबडतोब लिहा आणि त्यांच्याकडे जुने लॉग असतील तर मागून घ्या.

इशारा: नक्कल साइटच्या सार्वजनिक फोल्डरमध्ये ठेवू नका. 'बॅकअप' नावाची झिप फाइल मुळाच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि मग उतरवून घ्यायची, ही सवय फार पसरलेली आहे. ती फाइल तेवढ्या वेळात कोणीही उतरवू शकतो, आणि तिच्यात सर्व सदस्यांचे हॅश आहेत. नक्कल थेट तुमच्या संगणकावर किंवा वेगळ्या साठ्यात न्या.

तपासणी: डेटाबेसची प्रत उघडा आणि सदस्यांचा तक्ता अखेरपर्यंत आला आहे का ते पाहा. फाइल मध्येच तुटली असेल तर आकार ठीक दिसतो पण शेवटच्या ओळी नसतात. मोठ्या फोरमवर पॅनेलमधून उतरवताना वेळ संपून असे हमखास होते.

टप्पा ३: हक्कदारांची यादी, आधी कागदावर

पडदा उघडण्याआधी कागदावर लिहा: अ‍ॅडमिन कोण असायला हवेत, मॉडरेटर कोण, कोणत्या ईमेलने. दुसरा चालक असेल तर त्याला स्वतंत्रपणे लिहायला सांगा. आधी पडदा पाहिला तर मन फसते. 'सपोर्ट', 'वेबमास्टर', 'अ‍ॅडमिन२' अशी नावे दिसली की 'हे होस्टिंगवाल्यांचे असेल' असे आपणच ठरवून टाकतो. घुसखोर नाव निवडतात तेही तेवढ्यासाठीच.

आता पडद्यावरची यादी काढा. बीबीप्रेस वापरताना एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: वर्डप्रेसची भूमिका वेगळी आणि फोरमची भूमिका वेगळी. सदस्यांच्या यादीत दोन्हींचे वेगळे रकाने दिसतात. एखादा माणूस वर्डप्रेसच्या हिशेबाने साधा 'सबस्क्रायबर' असून फोरममध्ये 'कीमास्टर', म्हणजे फोरमची सर्वांत वरची भूमिका, असू शकतो. वर 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' या गाळणीवर क्लिक करून फक्त तेवढेच पाहिले तर तो सुटतो. २०२० च्या त्रुटीत नेमकी हीच भूमिका महत्त्वाची होती. म्हणून फोरमच्या भूमिकांचा रकाना स्वतंत्रपणे तपासा: कीमास्टर आणि मॉडरेटर, दोन्ही.

मग तीच यादी डेटाबेसातून काढा. पडदा जे दाखवतो ते एखाद्या दुष्ट प्लगइनने गाळलेले असू शकते. काही घुसखोर स्वतःचे नाव यादीतून लपवणारा छोटा कोड टाकतात, आणि तेव्हा वरच्या आकड्याशी खालची नावे जुळत नाहीत. डेटाबेसात सदस्यांच्या जादा माहितीच्या तक्त्यात 'कॅपेबिलिटीज' नावाची ओळ असते. तिच्यात दोन्ही भूमिका शेजारी शेजारी लिहिलेल्या असतात. तक्त्याच्या नावाआधीचा उपसर्ग तुमच्या साइटवर वेगळा असू शकतो, तो सेटिंगच्या फाइलमध्ये पाहा.

यादीत नसलेली पण हमखास बदललेली सापडणारी ठिकाणे अशी आहेत:

खऱ्या अ‍ॅडमिनचा ईमेल. नाव तेच, पत्ता बदललेला. पासवर्ड बदलण्याची लिंक मग दुसऱ्याकडे जाते.

भूमिकेची व्याख्या. वर्डप्रेस प्रत्येक भूमिकेला कोणते हक्क आहेत हे ऑप्शन्सच्या तक्त्यात ठेवतो. 'सबस्क्रायबर'लाच प्लगइन बसवण्याचा हक्क देऊन ठेवला असेल तर सदस्यांची यादी कितीही स्वच्छ दिसो, तिचा काही उपयोग नाही.

मल्टिसाइट (एकाच वर्डप्रेसवर अनेक साइट) असेल तर सुपर अ‍ॅडमिनची यादी. ती वेगळ्या तक्त्यात असते.

पीएचपीबीबीत 'फाउंडर' हा सदस्याचा प्रकार वेगळा तपासा, आणि गटांमधून मिळालेल्या हक्कांसोबत एकेकट्या सदस्याला थेट दिलेले हक्कही पाहा. परवानग्यांच्या विभागात प्रत्यक्ष लागू होणारे प्रशासकीय हक्क दाखवणारे पान आहे, तेच वापरा. गटांची यादी पाहून समाधान मानू नका.

तपासणी: कागद, पडदा, डेटाबेस. तिन्ही याद्या शेजारी ठेवा. तिन्ही जुळल्या आणि त्रुटी पहिल्या जातीची असेल तर अर्धा जीव भांड्यात पडला. एकही नाव जास्त असेल तर त्याला अजून हात लावू नका.

टप्पा ४: काय झाले ते शोधा

'अजून हात लावू नका' हे लोकांना सर्वांत जड जाते. पण खाते लगेच उडवले तर त्याची नोंदणीची वेळ, ईमेल, त्याने लिहिलेले विषय, सगळे हातातून जाते. साइट झाकलेली आहे, नक्कल घेतलेली आहे. तासभर थांबल्याने काही बिघडत नाही.

नोंदणीची वेळ घ्या आणि त्या सुमारास लॉगमध्ये कोणत्या आयपीवरून नोंदणीची विनंती आली ते पाहा. इथे वेळेचा घोळ ठरलेला. वर्डप्रेस नोंदणीची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवतो, सर्व्हरचा लॉग त्याच्या स्वतःच्या वेळेत असतो आणि तुम्ही भारतीय वेळेत विचार करता. साडेपाच तासांचा फरक विसरलात तर भलत्याच माणसाच्या मागे लागाल. मध्यरात्रीच्या आसपासच्या घटनेत तारीखही बदलते.

आयपी मिळाला की नाव सोडून द्या आणि आयपीचा माग घ्या. नोंदणीनंतर तो कोणत्या पानांवर गेला? प्लगइन बसवण्याचे पान, थीमचा संपादक, नवा सदस्य जोडण्याचे पान यांपैकी काही दिसते का? एकाच आयपीवरून दोन-तीन खाती निघाली आहेत का? दुसरे खाते राखीव म्हणून काढून ठेवणे ही जुनी युक्ती आहे.

इशारा: नेहमीच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये फॉर्मसोबत पाठवलेला मजकूर नसतो. 'नोंदणीच्या पानावर विनंती आली' एवढेच दिसेल. तिच्यासोबत भूमिका बदलणारी माहिती होती की नाही हे दिसणार नाही. लॉगमध्ये विचित्र काही सापडले नाही, म्हणून काही घडले नाही, हा निष्कर्ष चुकीचा आहे. निर्णय भूमिकांच्या तक्त्यावरून करा आणि लॉग जोडीला घ्या.

त्रुटी दुसऱ्या जातीची असेल तर उलटे चाला. खऱ्या अ‍ॅडमिनच्या नावाने झालेली कामे काढा आणि त्या त्या माणसाला फोन करून विचारा: हे तू केलेस का? फोनच करा. फोरमच्या खासगी संदेशातून विचारू नका, तो तिसरा कोणी वाचत असेल. पीएचपीबीबीत अ‍ॅडमिन लॉग आहे, डिस्कोर्समध्ये कर्मचाऱ्यांच्या कृतींचा लॉग आहे. पीएचपीबीबीत तो लॉग पुसण्याचा हक्कही अ‍ॅडमिनला देता येतो. वर्षानुवर्षे चाललेल्या फोरमचा अ‍ॅडमिन लॉग एकदम रिकामा दिसला तर तो शुभशकुन नव्हे.

मध्येच थांबून: खरोखर घुसखोरी सापडली असेल तर

संस्था, कंपनी किंवा सेवा पुरवणारे म्हणून भारतात फोरम चालवत असाल तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस जपण्याचीही अट आहे. वर सांगितलेले १४ दिवस तिथे पुरत नाहीत. युरोपातल्या सदस्यांमुळे जीडीपीआर हा तिथला डेटा संरक्षण कायदा लागू होत असेल तर पर्यवेक्षक यंत्रणेला कळवण्याची मुदत ७२ तासांची आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही डेटा संरक्षण मंडळाला आणि बाधित व्यक्तींना कळवण्याची तरतूद आहे. ती टप्प्याटप्प्याने लागू होत असल्याने त्या वेळची स्थिती पाहून घ्या. पहिला अहवाल अपुरा असला तरी चालतो. 'सगळा तपास झाला की कळवू' म्हणून थांबलात तर मुदत निघून जाते.

टप्पा ५: आता अपडेट

अपडेट पाचव्या क्रमांकावर का, असे कोणी विचारेल. कारण साइट झाकल्यापासून त्रुटी वापरायला बाहेरचा कोणी पोचतच नाही. काही कारणाने तुम्हाला साइट झाकताच येत नसेल तर हा क्रम बदला: आधी घाईची नक्कल, लगेच अपडेट, मग बाकीचे. नक्कल मात्र कोणत्याही परिस्थितीत अपडेटच्या आधीच.

नवी आवृत्ती मूळ ठिकाणाहून ताजी उतरवा. जुन्या फोल्डरवर नवी पसरू नका. जुन्या फोल्डरमध्ये कोणी एखादी जादा फाइल ठेवली असेल तर वरून पसरल्याने ती तशीच राहते. जुना फोल्डर बाहेर काढा, त्या जागी नवा ठेवा. प्लगइनच्या पडद्यावरचे 'डिलीट' मात्र दाबू नका. काही प्लगइन त्यासोबत स्वतःचा डेटाही पुसतात. होस्टिंगच्या फाइल मॅनेजरने किंवा एसएफटीपीने (सर्व्हरवर सुरक्षितपणे फाइली नेण्या-आणण्याची पद्धत) फोल्डर बदला.

पीएचपीबीबी किंवा व्हीबुलेटिन असेल तर काम झाल्यावर 'इन्स्टॉल' फोल्डर काढला का ते पाहा.

इशारा: तुम्ही किंवा तुमच्या सहकाऱ्याने हात लावण्याआधीच साइटवर दुरुस्ती झालेली दिसली आणि स्वयंचलित अपडेट चालू नव्हते, तर सावध व्हा. २०१४ मध्ये द्रुपलच्या पथकाने नेमके हेच सांगितले होते: काही हल्लेखोर आत शिरल्यावर स्वतःच त्रुटी बुजवत होते, म्हणजे दुसरा कोणी आत येऊ नये.

टप्पा ६: हक्क काढा, एकाच वेळी

संशयित खाती एकेक करून काढू नका. दोन असतील आणि एकच काढले तर दुसऱ्याला खबर लागते. सर्वांची यादी करा आणि एका बैठकीत हे करा:

आधी भूमिका उतरवा. वर्डप्रेसमध्ये 'या साइटवर कोणतीही भूमिका नाही' हा पर्याय द्या आणि फोरमची भूमिका 'ब्लॉक्ड' करा. खाते डिलीट करू नका. वर्डप्रेस त्या वेळी त्याचा मजकूरही पुसायचा का असे विचारतो आणि घाईत चुकीचा पर्याय दाबला जातो.

मग सेशन, म्हणजे चालू असलेली लॉगइने, तोडा. वर्डप्रेसच्या सेटिंग फाइलमध्ये गुप्त चाव्या आणि सॉल्ट (लॉगइनच्या कुकी पक्क्या करणारी गुप्त अक्षरे) यांच्या मिळून आठ ओळी असतात. आठही बदलल्या की प्रत्येक माणूस, तुमच्यासह, बाहेर फेकला जातो. पीएचपीबीबीत सगळी सेशन काढण्याचे बटण अ‍ॅडमिन पॅनेलच्या पहिल्या पानावर आहे. 'मला लक्षात ठेव'च्या चाव्या वेगळ्या तक्त्यात असतात, तोही रिकामा करा.

मग पासवर्ड. आधी सर्व अ‍ॅडमिन आणि मॉडरेटर, मग गरजेप्रमाणे सदस्य.

आणि मग विसरली जाणारी गोष्ट: अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड. वर्डप्रेस ५.६ पासून प्रत्येक सदस्याला बाहेरच्या अ‍ॅपसाठी वेगळा पासवर्ड काढता येतो. मुख्य पासवर्ड बदलला तरी हा चालूच राहतो, आणि सॉल्ट बदलूनही तो रद्द होत नाही. प्रत्येक अ‍ॅडमिनच्या प्रोफाइलमध्ये जाऊन हाताने रद्द करा. डिस्कोर्समध्ये एपीआय चाव्यांचे (बाहेरच्या प्रोग्रामना दिलेल्या प्रवेश-चाव्यांचे) तेच.

घुसखोर वर्डप्रेसचा पूर्ण अ‍ॅडमिन झाला असेल तर त्याने सेटिंगची फाइल वाचली आहे असे समजा. डेटाबेसचा पासवर्ड, ईमेल पाठवण्याच्या सेवेचा पासवर्ड, बॅकअप सेवेची चावी, होस्टिंग पॅनेल, सगळे बदला.

तपासणी: सॉल्ट बदलल्यावर तुमचा स्वतःचा ब्राउझर बाहेर पडला का? नसेल पडला तर बदल लागू झालेला नाही. त्याच फाइलमध्ये वर कुठेतरी जुन्या ओळी राहिल्याचे कारण बहुधा निघते. पीएचपीत एखादा स्थिरांक दोनदा लिहिला तर पहिला टिकतो.

टप्पा ७: मागे काय ठेवले आहे?

इथे किती खोल जायचे हे घुसखोराला काय मिळाले होते त्यावर अवलंबून आहे. बीबीप्रेसचा कीमास्टर आपोआप वर्डप्रेसचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होत नाही. वर्डप्रेसची भूमिका सबस्क्रायबरच राहिली असेल आणि भूमिकांच्या व्याख्याही स्वच्छ असतील, तर प्लगइन बसवण्याचा हक्क त्याला नव्हता. मग फाइली उकरण्यापेक्षा फोरमचा मजकूर पाहा: कोणते विषय संपादित झाले, कचऱ्यात काय गेले, जुन्या लोकप्रिय विषयांत गुपचूप लिंक घातल्या का, विभागांची दृश्यता बदलली का. बीबीप्रेसमधले 'हिडन' विभाग फक्त मॉडरेटर आणि कीमास्टरला दिसतात. त्यात सदस्यांच्या तक्रारी, फोन नंबर, आपापसातली चर्चा असेल तर ती वाचली गेली असे धरा.

तो पूर्ण अ‍ॅडमिन झाला असेल तर माझे मत ठाम आहे: चोरदरवाजे शोधत बसू नका, साइट नव्याने उभी करा. वर्डप्रेस, प्लगइन, थीम मूळ ठिकाणाहून ताजे घ्या आणि जुन्यातून फक्त डेटाबेस व अपलोड केलेल्या फाइली आणा. अपलोडच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल असण्याचे कारण सहसा नसते. दिसली तर आणू नका.

नव्याने उभी करणे शक्यच नसेल तर किमान ही ठिकाणे पाहा. 'एमयू-प्लगइन्स' फोल्डर: यातले प्लगइन आपोआप चालतात आणि नेहमीच्या यादीत येत नाहीत. मुख्य सामग्रीच्या फोल्डरमधल्या डेटाबेस आणि कॅशसाठीच्या ड्रॉप-इन फाइली (ठरावीक नावाच्या, आपोआप चालणाऱ्या). थीमची फंक्शन्सची फाइल. ठरावीक वेळी चालणारी क्रॉनची कामे. विजेट आणि घोषणांमधले कच्चे एचटीएमएल. डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसला आज्ञा लिहून चालवण्याचे साधन) वापरता येत असेल तर मूळ वर्डप्रेस आणि अधिकृत प्लगइनांच्या चेकसम तपासण्या (फाइली मूळ प्रतीशी जुळतात का ते पाहणाऱ्या) चालवा. थीम त्यात येत नाहीत.

इशारा: फाइलची 'शेवटचा बदल' तारीख पाहून निवड करू नका. ती हवी तशी मागे नेता येते.

आणखी एक चूक: वैतागून जुना बॅकअप चढवणे. बॅकअप घुसखोरीनंतरचा असेल तर घुसखोरासकट परत येतो. आधीचा असेल तर त्रुटी असलेली जुनी आवृत्ती परत येते. चढवायचाच असेल तर पहिल्या संशयास्पद नोंदणीच्या आधीचा निवडा, साइट झाकलेली असतानाच चढवा, आणि टप्पा ५ व ६ पुन्हा करा.

टप्पा ८: पुन्हा उघडताना

आधी फक्त चालकांसाठी, मग जुन्या सदस्यांसाठी, नोंदणी सर्वांत शेवटी. एकदम सगळे उघडले तर काही बिघडल्यावर कारण सापडत नाही.

नोंदणी उघडल्यावर पहिले खाते तुम्हीच काढा, नव्या ईमेलने, खासगी खिडकीतून. त्या खात्याची भूमिका डेटाबेसात पाहा: वर्डप्रेसची सबस्क्रायबर आणि फोरमची 'पार्टिसिपंट', एवढेच असले पाहिजे. त्या खात्याने अ‍ॅडमिनच्या पानाचा पत्ता थेट टाकून पाहा. लपवलेल्या विभागाच्या विषयाचा पत्ता टाकून पाहा. दोन्हीकडे नकार मिळाला तर ठीक. एकीकडे जरी पान उघडले तरी साइट पुन्हा झाका आणि टप्पा ३ पासून सुरू करा.

डॅशबोर्डमधून थीम आणि प्लगइनच्या फाइली संपादित करण्याची सोय सेटिंगच्या फाइलमधून बंद करून टाका. ती सोय फोरम चालवायला लागत नाही. अ‍ॅडमिनचे खाते रोजच्या गप्पांसाठी वापरणेही थांबवा. लिहायला साधे खाते, कामाला वेगळे. उबुंटू फोरम्सच्या अ‍ॅडमिनने ती घोषणा साध्या खात्याने उघडली असती तर चोरायला अ‍ॅडमिनचे सेशनच तिथे नसते.

सदस्यांना लिहिताना चार गोष्टी लिहा: कोणत्या तारखांदरम्यान घडले, कोणती माहिती उघडी पडली, तुम्ही काय केले, आणि त्यांनी काय करायचे. 'तुमचा पासवर्ड सुरक्षित आहे' असे लिहू नका. हॅश बाहेर गेले असतील तर ते खरे नाही. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही बदला, हे वाक्य ठळक हवे. ईमेलमध्ये लॉगइनची लिंक देऊ नका. अशा वेळी तुमच्याच नावाने खोटे ईमेल फिरतात, आणि लिंक नसलेले पत्र त्यातून वेगळे ओळखू येते.

टप्पा ३ चा कागद फेकू नका. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने डेटाबेसातून हक्कदारांची यादी पुन्हा काढा आणि त्याच्याशी ताडा. मध्ये कोणाला मॉडरेटर केलेत तर आधी कागदावर नाव, तारीख आणि कोणी केले ते लिहा, मग पडद्यावर भूमिका द्या.